पुढच्या चाकाचं एक ऐकून घ्या!

“ह्या पोळ्याला आमची सिंधु आखाड्यावर येणार, आणि तिचा पाय चिखलाला लागणार न्हाई! लागला तर ही मिशी काढून टाकतो, भर चौकात!”

भागवत ड्रायव्हरनं ही घोषणा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर केली, तेव्हा ऐकायला होते एक टपरीवाला आणि हदगावच्या एसटीची वाट बघणाऱ्या दोन बाया. त्या बायांना ना सिंधु ठाऊक, ना मिशीशी काही देणंघेणं. पण भागवतला त्याचं काय! गेली चार वर्षं त्याचं असंच चाललं होतं. समोर माणूस दिसलं की तो बोलायचा. माणूस नसलं तर म्हशीशी बोलायचा. म्हैस तोंड फिरवून बसली की रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचा.

कारण शेतातल्या त्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, तो एकटा होता. दोन खोल्या, एक ओटा, पत्र्याचा गोठा आणि दारात लिंबाचं झाड. नोकरीत असताना तालुक्याच्या एका कचेरीची जीप त्यानं तीस वर्षं चालवली होती. रिटायर झाल्यावर नवरा-बायकोनं मिळून आखाड्यावर ह्या खोल्या बांधल्या, म्हटलं आता निवांत राहायचं. लिंपण वाळलं न वाळलं तोच पुण्यात मुलाला, शिवशंकरला, मुलगी झाली. सुनेची नोकरी. “दोन महिने जाऊन येते,” म्हणून सिंधु पिशवी घेऊन गेली. ते दोन महिने अजून संपले नव्हते. नात सुकन्या शाळेत जायला लागली, डबा आपला आपण खायला लागली, तरी ते दोन महिने चालूच!

मध्ये एकदा भागवतही पुण्याला जाऊन आला. नवव्या मजल्याच्या खिडकीत बसून तो खालच्या गाड्यांना मनातल्या मनात गिअर टाकत राहिला. आठवडाभरानं “म्हैस वाट बघत असल,” म्हणून परत निघाला. म्हशीनं काही वाट बघितली नव्हती. शेजारच्या सटवाजीनं तिला धार काढून, चारा घालून अशी खूश ठेवली होती की भागवतला बघून तिनं मानही वळवली नाही.

ह्या सटवाजीचं पुढं येईलच. तो भागवतचा चुलतभाऊ. त्याचा आखाडा धुऱ्यापलीकडं, म्हणजे शेताच्या बांधापलीकडं, हाकेच्या अंतरावर. पण हाक कोण मारणार? धुऱ्यावरचा हद्दीचा दगड कुणीतरी हातभर सरकवला, असं दोघांचंही म्हणणं होतं. एक म्हणायचा इकडं सरकवला, दुसरा म्हणायचा तिकडं. त्या हातभर काळ्या मातीपायी दोघांचं बोलणं बंद होतं. म्हशीला चारा घालणं हे बोलण्यात धरत नव्हते.

सिंधु दिवाळीला यायची, चार दिवस राहायची, जायची. बाकी सगळा संसार फोनवर. आणि फोन कायम स्पीकरवर, कारण तीस वर्षं त्या जीपच्या इंजिनाशेजारी बसून भागवतचे दोन्ही कान निम्म्यावर आले होते. त्यामुळं नवरा-बायकोचं जे काही बोलणं व्हायचं, ते अर्ध्या शिवाराला पाठ असायचं.

“पोळ्याला ये की,” उन्हाळ्यात एकदा तो म्हणाला.

“पोळ्याला? ऐन पावसाळ्यात?” सिंधु तिकडून म्हणाली. “माझे गुडघे बघितले का तुम्ही? आपली ती पांदणवाट, मांडीइतका चिखल-गारा! मी काय उडत येऊ?”

“गाडी दारात येईल.”

“कुणाची?”

“आपली!”

मग सिंधु हळू आवाजात म्हणाली, “गाडी खरंच दारापर्यंत आली, तर येते. सुकन्याचं आता माझ्याबगर अडत न्हाई. जमलं तर राहीन सुद्धा.”

राहीन सुद्धा! भागवतनं हे दोन शब्द दिवसभर म्हशीला ऐकवले.

आता गाडी होती. लिंबाखाली उभी होती. कचेरीनं लिलावात काढलेली तीच ती जुनी जीप भागवतनं मायेपोटी घेऊन ठेवली होती, आणि कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालत होत्या. पण ती फक्त मागच्या चाकांवर ओढणारी. पावसाळ्यातली काळी माती अशा गाडीला कुठली सोडते! चप्पल सुद्धा परत देत नाही. तेव्हा भागवतनं मोबाईलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघितले, आणि “ऑफ-रोडिंग” हा शब्द शिकून तो टपरीवर गेला.

“ऑफ-रोडिंग म्हंजे काय वो काका?” टपरीवाल्यानं विचारलं.

“जिथं रस्ता न्हाई तिथं गाडी चालवायची. लोक हौसेनं करतात. त्याच्या स्पर्धा असतात!”

“मग आपलं अख्खं गाव जन्मापासून तेच करून राहिलं की!”

हदगावात मलप्पाचं गॅरेज होतं. मलप्पा मूळचा देगलूरकडचा, हाताचा पक्का आणि बोलायला कमी. बोलायचं म्हटलं की पाना खाली ठेवावा लागतो, आणि ते त्याला आवडत नसे. भागवतनं जीप त्याच्या दारात ओढत नेली आणि सांगितलं, “मलप्पा, चारही चाकं ओढली पाहिजेत. चिखल असा कापला पाहिजे!”

मलप्पानं भंगारातून दुसऱ्या एका जीपचा पुढचा आस आणि त्याला जोर जोडणारा गिअर, लिव्हरसकट, शोधून आणला आणि बसवला. स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वर उचलली. खोल दातांचे टायर चढवले. इतकं झालं आणि खरं तर काम संपलं होतं. पण काम संपलं की घरी जावं लागतं!

खरं सांगायचं तर जीपला गॅरेजची जेवढी गरज होती, त्याहून भागवतला जास्त होती. तिथं माणसं होती. चहाला दुसरा कप होता. “काका, सरका जरा,” असं म्हणणारं कुणीतरी होतं. आखाड्यावर सकाळी उठून संध्याकाळपर्यंत त्याला कुणी सरका म्हणायचं नाही. म्हणून तो रोज सकाळच्या एसटीनं हदगावला जायचा आणि रोज नवं काम काढायचा. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेचा पाईप टपावर न्या! मलप्पानं बोअरचा निळा प्लॅस्टिक पाईप बसवून दिला. पुढं विंच लावा! विंच म्हणजे बंपरवर बसवलेला विजेचा रहाट. त्याची तार झाडाला अडकवायची आणि बटण दाबलं की गाडी स्वतःला ओढत बाहेर येते. तेही झालं. मग डावीकडच्या सीटला जाड फोम. मग त्या सीटखाली लोखंडी पायरी, वीतभर उंचीची, चढताना गुडघ्याला ताण नको म्हणून. ती पायरी भागवतनं तीनदा कापून पुन्हा जोडून घेतली, आणि प्रत्येक वेळी स्वतः बायकोसारखं लंगडत चढून बघितली.

ह्या सगळ्यात मलप्पाला एक गोष्ट सांगायची होती.

“काका, पुढच्या चाकाचं एक ऐकून घ्या—”

“मलप्पा, तू मला चाक शिकवतो? तीस वर्षं! एक ओरखडा न्हाई! एकदा साहेब मागं झोपलेले आणि उमरखेडच्या रस्त्याला...” आणि उमरखेडच्या रस्त्याची गोष्ट सुरू व्हायची. ती संपेस्तोवर मलप्पा दुसऱ्या गाडीखाली गेलेला असायचा.

शेवटच्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या दुपारी, मलप्पानं पाना खाली ठेवला. चक्क खाली ठेवला!

“काका, हात जोडतो. पुढच्या चाकाचं तेवढं—”

“पोळ्याच्या दिवशी जेवायला ये, तेव्हा सांग!” म्हणून भागवतनं गिअर टाकला आणि निघाला.

आठ दिवस पावसानं उघडीप दिली होती. पांदण वरून वाळलेली होती. जीप दिमाखात आखाड्यावर आली. लिव्हर ओढून बघितला, खट्ट आवाज झाला, भागवत खूश!

त्या संध्याकाळी खांदेमळण होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. धुऱ्यापलीकडं सटवाजी आपल्या जोडीचे खांदे मळत होता. भागवतची बैलं सिंधु गेल्यावर विकली गेली होती. एकट्यानं दोन बैलांचं करायचं कसं? तो थोडा वेळ ओट्यावर बसला. मग उठला, वाटीत हळद-लोणी घेतलं, आणि जीपच्या दोन्ही मडगार्डांना चोळलं.

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,” तो जीपला म्हणाला. म्हणताना त्याला थोडी लाज वाटली. पण दुसरं कोण होतं आवतण द्यायला? आणि रिकाम्या दारात ते शब्द तसेच तोंडात ठेवून झोपणं त्याला झेपलं नसतं.

रात्री पाऊस आला. साधासुधा नाही, पत्र्यावर कुणी हरभरे ओतावेत तसा!

सकाळी पांदणीची खीर झाली होती. पण भागवतच्या तोंडावर काळजी? छट्! फाट्याकडं जाताना उतार होता. जीप चालली कमी आणि घसरली जास्त, एकदा तर पुढचं मागं झालं. पण फाट्यावर पोचली. एसटीतून सिंधु उतरली. तिच्यामागून पिशव्या उतरल्या. उतरतच राहिल्या. कंडक्टर दमला.

“फोनवर तर दोनच दिवस म्हणली होतीस, मग एवढं?” भागवत म्हणाला.

“असू द्या,” सिंधु म्हणाली. एका पिशवीचा बंद सुटला होता आणि तिच्यातून लोकरीच्या स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. तिनं ती घाईनं आत कोंबली.

मग तिनं जीप बघितली. टपावरचा निळा पाईप बघितला, हळद लागलेले मडगार्ड बघितले. हसू दाबत ती डावीकडं आली आणि तिला ती पायरी दिसली.

“ही कशाला?”

“तुझ्या गुडघ्याला.”

सिंधुनं पदर नीट केला, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता वर चढून बसली. भागवतला वाटलं, जीपचा सगळा खर्च इथंच फिटला.

पण तोंड गप्प बसेल तर तो भागवत कसला! “आता बघ! लोक पैसे देऊन हे बघायला जातात! चारही चाकं!” म्हणत त्यानं लिव्हर ओढला आणि जीप पांदणीत घातली. आता चढ होता. जीप थोडी गेली, आणखी थोडी गेली, आणि मग मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. चिखलाचा असा फवारा उडाला की मागं सिंधुच्या पिशव्यांचा रंग कळेना. पुढची चाकं? पुढची चाकं पाहुण्यासारखी गप्प उभी!

“आवं, पुढचं फिरून न्हाई राहिलं,” सिंधु डोकं बाहेर काढून म्हणाली.

“फिरतंय! तुला दिसत न्हाई! ते आतून फिरतंय!”

त्यानं आणखी रेस दिली. जीप आणखी खाली गेली. शेवटी ती पांदणीत अशी बसली की खास केलेली पायरी चिखलात दिसेनाशी झाली.

“कुणाची तरी बैलं बोलवा,” सिंधु म्हणाली.

“आज? आज पोळा हाय! आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं तर गाव दारात उभं करील का?”

“मग ट्रॅक्टर?”

“ट्रॅक्टरबी धुऊन, हार घालून मारुतीपुढं उभे हायत. आता त्यांचाबी पोळा असतो. मालक म्हणतात, आज त्याचीबी सुट्टी!”

वर्षात एकच दिवस असा, की ह्या शिवारात ओढायला काही मिळत नाही. आमच्या नायकानं नेमका तोच निवडला होता!

“हरकत न्हाई,” भागवत म्हणाला. “विंच कशाला आणलाय मग?”

तारेचं टोक घेऊन तो मांडीभर चिखलात उतरला आणि झाड शोधायला लागला. झाड कुठलं? दोन्हीकडं सोयाबीन, वर आभाळ. तार अडकवायला एकच वस्तू होती. पांदणीच्या वरच्या अंगाला, धुऱ्याच्या तोंडाशी, पुरुषभर खोल गाडलेला म्हणून प्रसिद्ध असलेला तो हद्दीचा काळा दगड!

“त्याला नका हात लावू!” सिंधु ओरडली. “त्या दगडापायी भाऊ भावाला बोलत न्हाई!”

“निजामाच्या काळातला दगड हाय! रणगाडा बांधला तरी हलायचा न्हाई!”

त्यानं तार अडकवली, परत येऊन बसला आणि बटण दाबलं. रहाट घर्रर्र करून फिरायला लागला. तार ताणली. भागवत सिंधुकडं बघून हसला. तार आणखी ताणली. जीप काही हलेना. पण दगड हलला! आधी त्यानं नमस्काराला वाकावं तशी मान झुकवली, मग भसकन आवाज करून मुळासकट बाहेर आला, आणि चिखलातून सरपटत शांतपणे जीपकडं यायला लागला. पुरुषभर कसला, हातभर सुद्धा गाडलेला नव्हता! भागवत इतका थक्क झाला की बटणावरचं बोट काढायचं विसरला. दगड आला, बंपरवर ठण्णकन आपटला आणि तिथंच थांबला.

नेमका ह्याच वेळी सटवाजी बैलं सजवून गावाकडं निघाला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंगं. त्यानं धुऱ्याकडं बघितलं. दगड नाही. पांदणीत बघितलं. दगड जीपच्या तोंडाला!

“चोरला!” तो बोंबलला. “धुऱ्याचा दगड चोरला! दिवसाढवळ्या! जीप लावून!”

आणि त्यानं गावात फोन लावला. पोळ्याचा दिवस, अख्खं गाव मारुतीपुढं कोरे कपडे घालून जमलेलं. बैलांच्या लग्नाची मंगलाष्टकं सुरू व्हायला अवकाश होता, करमणुकीला काही नव्हतं. बातमी पोचली आणि गाव उठलं. माणसं आली, पोरं आली, हलगीवाले हलगी वाजवतच आले. लांबून आवाज ऐकून सिंधुला वाटलं, आपल्या स्वागताला आले की काय!

“उन्हाळ्यापासून गॅरेजात हेच चालू होतं!” सटवाजी सगळ्यांना सांगत होता. “मला वाटलं, हौस! ही मशीन दगड उपटायची मशीन हाय! तो निळा पाईप बघा, तो कशाला असतो? सांगा!”

कुणालाच सांगता येईना, त्यामुळं सगळ्यांना पटलं.

“अरे, मी सिंधुला आणायला गेलो होतो!” भागवत ओरडला.

“सिंधुवैनीचं नाव नको पुढं करू! त्या बिचाऱ्या पुण्यात हायत!”

“मी इथं हाय की, भावजी!” फोमच्या सीटवरून सिंधु म्हणाली.

हलगी थांबली. सटवाजीनं वाकून आत बघितलं. त्याच्या तोंडावरचा राग जागच्या जागी विरघळला.

“वैनी? कधी आल्या? लई वाळल्या वो! पुण्यात खायला देत न्हाईत का?”

“देतात. बोलायला कुणी देत न्हाईत,” सिंधु म्हणाली. सगळं गाव उभं असताना ती हे बोलून गेली, आणि मग तिला थांबता येईना. “दिवसभर चार भिंती. लिफ्टमधी माणसं दिसतात, तर ती खाली मान घालून मोबाईल बघतात. तुम्ही इथं दोघं भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि हातभर मातीसाठी मुके बसलात! मला तिथं भांडायला तरी कुणी असतं, तर म्या देवाला नारळ फोडला असता!”

भागवत स्टिअरिंगकडं बघत राहिला. चार वर्षं त्याला वाटत होतं की एकटा फक्त तोच आहे. नवव्या मजल्यावर नात असते, सून असते, टीव्ही असतो, तिथं कोण एकटं असणार!

“आता दगड जिथून निघाला तिथं ठेवा,” सिंधु म्हणाली. “आणि दोघं मिळून ठेवा.”

दोघं मिळून ठेवायचा म्हणजे बोलणं आलं. “तिकडून धर.” “धरलंय.” “उचल की!” “मीच उचलू काय? तुला हात न्हाईत?” इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांच्या इतके जवळ आले होते. भागवतनं बघितलं, सटवाजीच्या भुवया सुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. खड्ड्यात पाणी भरून त्याचं डबकं झालं होतं, आणि नेमकी जागा कुणाला सांगता येईना. शेवटी दगड अंदाजानं रोवला. कुणाचा हातभर गेला आणि कुणाला मिळाला, हे आता त्या दगडालाही सांगता आलं नसतं.

राहिला प्रश्न सिंधुचा. गाडी हलत नव्हती आणि चिखलात पाय टाकायचा नव्हता, कारण मिशी!

“बाज आणा!” सटवाजी म्हणाला.

त्याच्या आखाड्यावरून बाज आली. त्याची बायको नागाबाई उशी घेऊन आली. चार गड्यांनी बाज जीपला टेकवली, सिंधु सीटवरून सरकून तीवर बसली, मांडीवर पिशव्या, हातात छत्री. पुढं हलगी, मागं बाशिंग बांधलेले बैल, आणि मधे बाजेवर सिंधु, अशी वरात पांदणीतून आखाड्याला निघाली. लग्नात सुद्धा तिची एवढी मिरवणूक निघाली नव्हती. तेव्हा ती एसटीनं आली होती. मागून भागवत चिखल तुडवत ओरडत होता, “बघून घ्या! पाय लागला न्हाई! मिशी राहिली!”

त्या दिवशी पोळा फुटल्यावर आखाड्यावर जेवायला किती माणसं होती, ते विचारू नका. नागाबाईनं पुरणाचं पातेलंच उचलून आणलं. सटवाजीच्या बैलांनी भागवतच्या दारात नैवेद्य खाल्ला. म्हैस सुद्धा खूश दिसली, पण ती सटवाजीला बघून असावी.

दिवस कलला तशी माणसं पांगली. सटवाजी आपल्या आखाड्यावर बैलं बांधायला गेला. सिंधु आत भांडी लावत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि भागवत ओट्यावर नुसता तो ऐकत बसला होता. मग त्याला आठवलं. जीप पांदणीतच होती. आणि परवा सकाळी सिंधुला एसटी धरायची होती. गाडी निघाली की ती पण जाणार. तरी ड्रायव्हर तो ड्रायव्हर. त्यानं मलप्पाला फोन लावला.

“काका,” मलप्पा म्हणाला, “पुढच्या चाकाच्या मधोमध गोल बुच हाय बघा. दोन्ही चाकांना. ते हातानं फिरवून लॉक केलं का?”

“फिरवायचं असतं?”

तिकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“काका, ते लॉक केल्याबगर पुढचं चाक ओढत न्हाई. तुम्ही लिव्हर ओढा न्हाईतर झाड ओढा! हेच तर सांगून राहिलो होतो तुमाला! आता जावा, दोन्ही बुचं फिरवा, गाडी आपल्या पायानं बाहेर येईल. एका मिनिटाचं काम.”

“बरं,” भागवत म्हणाला आणि फोन ठेवला.

पांदणीत दूरवर जीप दिसत होती. कुणीतरी तिच्या निळ्या पाईपला झेंडूचा हार घातला होता. भागवत उठला, दोन पावलं गेला, थांबला. परत येऊन बसला.

सिंधु हात पुसत बाहेर आली. “काय म्हणला मिस्त्री?”

भागवतनं घसा साफ केला. तीस वर्षांच्या नोकरीत तो साहेबांशी सुद्धा खोटं बोलला नव्हता. “पार्ट गेलाय म्हणला. पुढचा. पुण्याहून मागवावा लागल.”

“किती दिवस?”

“आठ... पंधरा बी लागतील.”

सिंधु त्याच्या शेजारी टेकली. गुडघे हळूहळू लांब केले.

“पंधरा दिवसांत कसा येईल?” ती म्हणाली. “पुण्याचा पार्ट हाय. दिवाळीशिवाय यायचा न्हाई. येऊ द्या निवांत. म्या स्वेटर आणलंय.”

भागवतनं तिच्याकडं बघितलं. मग हातातल्या फोनकडं बघितलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, फोन स्पीकरवर होता. कायमच असतो!

तो काही बोलणार, इतक्यात धुऱ्यापलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, मोठ्यानं, उत्साहानं.

“दादा! म्या जाऊन फिरवू का ती बुचं? एका मिनिटाचं काम हाय!”

भागवत धडपडत चपला शोधायला लागला. सिंधुच तटकन उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली,

“भावजी, तुम्ही तुमची बैलं बघा!”